गोदावरीचे पाणी : नमुने आणि चाचण्यांच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, १ सप्टेंबर. ठिकाणे

एम.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या तुकडीने आज पाच ठिकाणे पक्की केली: सोमेश्वर, आनंदवली, अहिल्यादेवी होळकर पूल, तपोवनात कपिला संगमाच्या खाली आणि दसक. पहिली दोन नाशिक शहराच्या वरच्या अंगाची. होळकर पूल रामकुंडाच्या जरा वर येतो. तिथून तपोवनापर्यंत वाघाडी आणि कपिला नदीला मिळतात, त्यामुळे पूल आणि तपोवन यांच्यातला फरक हा पंचवटी परिसराचा हिशेब. दसकला नमुना घेतला की टाकळीजवळ मिळणारी नासर्डीही मोजली जाते. हेच पाणी खाली नांदूरमध्यमेश्वरला जाऊन साठते. २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेली पाणथळ जागा ती.

रामकुंड नियमित ठिकाणांत घेतलेले नाही, यावर बैठकीत बराच वेळ गेला. लोक विचारणार रामकुंडाचेच, हे खरे. पण तिथे स्नान, अस्थिविसर्जन आणि निर्माल्य यांमुळे सकाळी सातचे आणि अकराचे पाणी एक नसते. महिन्यातून एकदा घेतलेली एक बाटली तिथे काहीच सांगत नाही. रामकुंडाची पाहणी वेगळी, दिवसभर दर दोन तासांनी, अशीच करायची. ती नोव्हेंबरमध्ये.

मोजायचे चार गुण: पीएच, विद्राव्य ऑक्सिजन म्हणजे डीओ, बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू खर्च करतात तो ऑक्सिजन, आणि एकूण कोलिफॉर्म, म्हणजे मैलापाण्याची शंका दाखवणारे जिवाणू. स्नानासाठीच्या पाण्याचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष याच चार गोष्टींवर आहेत: पीएच ६.५ ते ८.५, डीओ लिटरला ५ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी ३ मिलिग्रॅम किंवा कमी, एकूण कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये ५०० किंवा कमी. २०२७ च्या सिंहस्थात याच पात्रात लाखो लोक उतरतील, तेव्हा आपला आकडा कुणाच्या हाती पडेल याचा नेम नाही. म्हणून ठरवले की नदीचे आकडे वेगळ्या तक्त्यात ठेवायचे आणि सलग फेऱ्या पूर्ण होईपर्यंत बाहेर द्यायचे नाहीत. या वहीत पद्धत आणि चुकाच लिहायच्या.

वार सोमवारच. भारतीय मानकाप्रमाणे बीओडी २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात. सोमवारी दुपारी दोनला इन्क्युबेटरमध्ये ठेवलेली बाटली गुरुवारी दुपारी दोनला काढायची. गुरुवारचा नमुना रविवारी निघतो आणि रविवारी प्रयोगशाळेला कुलूप असते. गुरुवारी सकाळी पहिल्या वर्षाचे प्रात्यक्षिक बारापर्यंत असते, त्यानंतर ओटा मोकळा. मॅडमनी तसे वेळापत्रकावर लिहून दिले आहे.

गुरुवार, ४ सप्टेंबर. द्रावणे

ही द्रावणे विंकलर पद्धतीची, म्हणजे रसायने टाकून टायट्रेशनने डीओ मोजण्याची. मँगनस सल्फेटच्या बरणीवरचे लेबल नीट वाचावे. जुन्या प्रात्यक्षिक वहीत लिटरला ४८० ग्रॅम लिहिले आहे, ते चार पाण्याच्या रेणूंच्या स्फटिकासाठी. विभागात आलेली बरणी एका रेणूची आहे, तिचे ३६४ ग्रॅम लागतात. ४८० टाकले तर ते नीट विरघळत नाही, तळाशी साका राहतो आणि पिपेटचे टोक बुजते.

अल्कली-आयोडाइड-अझाइड तपकिरी बाटलीत, रबरी बुचाने बंद. काचेचे बूच अल्कलीमुळे घट्ट चिकटते आणि मग बाटली फोडल्याशिवाय उघडत नाही. अझाइड विषारी आहे. आम्लाशी मिळाले तर घातक वायू सुटतो, तांब्या-शिशाच्या नळात साचले तर स्फोटक क्षार बनतो. म्हणून उरलेले बेसिनमध्ये ओतायचे नाही, लेबल लावलेल्या वेगळ्या कॅनमध्येच टाकायचे. प्रयोगशाळा सहायकांनी कॅन खिडकीखाली ठेवला आहे.

सोडियम थायोसल्फेट ०.०२५ नॉर्मल: ६.२०५ ग्रॅम, उकळून गार केलेल्या ऊर्ध्वपातित पाण्यात, एक लिटरला. त्यात ०.४ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, नाहीतर जिवाणूंमुळे द्रावण आठवड्यात उतरते. दर फेरीच्या दिवशी डायक्रोमेटने तपासायचे. बाटलीवर ०.०२५ लिहिलेले आहे म्हणून आत ०.०२५ च आहे असे समजू नये. मागच्या सत्रातले उरलेले आज तपासले, ते ०.०२३ भरले. तेच वापरले असते तर ब्युरेटमधून जास्त द्रावण गेले असते आणि प्रत्येक डीओ सुमारे ९ टक्के वाढून दिसला असता.

स्टार्च: २ ग्रॅम विद्राव्य स्टार्च आणि ०.२ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल, १०० मिलिलिटर गरम पाण्यात. सॅलिसिलिक आम्ल नसेल तर तीन दिवसांत बुरशी धरते आणि रंग निळ्याऐवजी जांभळट, धुरकट येतो.

मंगळवार, ९ सप्टेंबर. मीटर आणि विंकलर, आवारातच

नदीवर जाण्याआधी एक कोरी फेरी. ऊर्ध्वपातित पाणी तासभर हवा सोडून संपृक्त केले, तापमान २७ अंश. डीओ मीटरवर ७.९, विंकलर पद्धतीने ७.४. दोन्ही वाचने तीनदा घेतली, फरक तोच.

चूक मीटरची नव्हती, त्यात भरलेल्या दाबाची होती. २७ अंशांना समुद्रसपाटीवर संपृक्त पाण्यात लिटरला साधारण ७.९७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब १०१३ नव्हे, ९४० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी, ७.४. दाब भरताना मोबाइलवरच्या हवामान अ‍ॅपचा आकडा घेतला होता. अ‍ॅप दाब समुद्रसपाटीला आणून दाखवते, तो इथला खरा दाब नव्हे. छापील पत्रकातला दाबही तसाच असतो. मीटरमध्ये उंची भरायची सोय असेल तर उंची भरावी, नसेल तर प्रयोगशाळेतल्या बॅरोमीटरचा कच्चा आकडा.

७ टक्क्यांची ही चूक किरकोळ नाही. खरा डीओ ४.८ असेल तर असा मीटर ५.१ दाखवतो आणि स्नानाच्या निकषात न बसणारे पाणी बसल्यासारखे दिसते.

दोन्ही पद्धती ठेवायच्या. मीटर झटपट आहे, पण त्याला जाब विचारणारे दुसरे कुणी हवे. विंकलर पद्धत १८८८ सालची आहे आणि अजून तिच्यावर भार टाकता येतो.

सोमवार, १५ सप्टेंबर. पहिली फेरी

सकाळी ६.३० ला निघालो, सोमेश्वरपासून सुरुवात, दसक शेवटी. स्वच्छ बाजूकडून घाण बाजूकडे जायचे, म्हणजे नमुना घेण्याच्या भांड्यातून वरच्या ठिकाणाला दूषण लागत नाही. प्रत्येक ठिकाणी भांडे आणि पीएचची बाटली नदीच्याच पाण्याने तीनदा विसळायची. कोलिफॉर्मची निर्जंतुक बाटली मात्र कधीच विसळायची नाही.

सोमेश्वरला धबधब्याच्या खाली लगेच नमुना घेतला, तो बाद केला. पडत्या पाण्यात हवा मिसळते, डीओ वाढलेला येतो. ठिकाण धबधब्याच्या वर, संथ प्रवाहात हलवले. खडक शेवाळलेले आहेत, तिथे पाण्यात उतरायचे नाही. दोर आणि भांडे काठावरूनच.

बादलीने पाणी काढून बाटलीत ओतणे हीच सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती पहिल्या ठिकाणी झालीच. ओतताना खळखळ झाली की नदीकाठची हवा मोजली जाते. डीओसाठी ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली नमुना भांड्यात बसवून पृष्ठभागाखाली ३० सेंटिमीटरवर सोडायची, नळी बाटलीच्या तळापर्यंत, आणि बाटलीच्या तिप्पट पाणी वाहून जाऊ द्यायचे. बूच तिरके करून लावायचे. उलटी करून बुडबुडा दिसला तर ती बाटली फेकून दुसरी.

लगेच काठावरच १ मिलिलिटर मँगनस सल्फेट, मग १ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड, दोन्ही वेळा पिपेटचे टोक पाण्याखाली. बूच लावून पंधरा वेळा उलटसुलट. साका निम्म्यावर बसला की पुन्हा एकदा हलवायची. साका काथाच्या रंगाचा आला तर ऑक्सिजन आहे, ताकासारखा पांढरा राहिला तर ऑक्सिजन जवळपास नाही. हा रंग काठावरच वहीत लिहायचा, कारण प्रयोगशाळेत आकडा विचित्र आला की हीच एक साक्ष उरते. साका दुसऱ्यांदा बसल्यावर १ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल. आम्ल टाकणाऱ्याने चष्मा आणि हातमोजे घालायचेच, बाकीच्यांनी दोन हात लांब. आम्ल घातलेली बाटली काळ्या पिशवीत, आणि ८ तासांच्या आत टायट्रेशन.

अझाइडचे कारण सांडपाण्याच्या ठिकाणी कळते. नायट्राइट असेल तर शेवटचा निळा रंग गेल्यावर अर्ध्या मिनिटात परत येतो, पुन्हा थेंब टाकले की पुन्हा येतो. अझाइड ते थांबवते. तपोवनच्या एका बाटलीत रंग परत आला. त्या बाटलीत अझाइडचे द्रावण कमी पडले असावे, कारण काठावरच्या वहीत त्या रकान्यात खूण नाही. आता प्रत्येक थेंबाला खूण, आणि खूण करणारा वेगळा विद्यार्थी.

प्रयोगशाळेत २०१ मिलिलिटर घेऊन टायट्रेशन. २०० नव्हे, कारण २ मिलिलिटर रसायनांनी तितकेच पाणी बाटलीबाहेर ढकललेले असते. असे घेतले की थायोसल्फेटचा १ मिलिलिटर म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम ऑक्सिजन. स्टार्च आधी टाकू नये. रंग ताकाच्या निवळीइतका फिका झाल्यावरच टाकावा, नाहीतर आयोडिन स्टार्चला धरून बसते आणि शेवट उशिरा येतो.

गुरुवार, १८ सप्टेंबर. ब्लँक बिघडला

सगळ्या बीओडीचे आकडे रद्द. ब्लँकमध्ये, म्हणजे नमुना पातळ करायच्या नुसत्या विरलनाच्या पाण्याच्या बाटलीत, ३ दिवसांत ०.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च झाला. ०.२ पेक्षा जास्त चालत नाही.

०.७ ने काय होते ते मुलांनी स्वतः मांडून पाहिले. ३०० मिलिलिटरच्या बाटलीत नमुना ३० मिलिलिटर, म्हणजे दहावा भाग. उरलेल्या नऊ भाग पाण्याने ०.७ गुणिले ०.९, म्हणजे ०.६३ ऑक्सिजन खाल्ला. तो दहाने गुणला की ६.३. नदीचा बीओडी शून्य असता तरी आपण लिटरला ६.३ लिहिले असते, निकषाच्या दुप्पट. हिशेबात ब्लँक वजा करता येतो हे खरे, पण इतका मोठा ब्लँक प्रत्येक बाटलीत सारखा असेल याची खात्री काय? वजाबाकी करून आकडे वाचवायचे नाहीत, असे सरांनी ठरवले आणि ते बरोबरच आहे.

मंगळवार, २३ सप्टेंबर. कारण सापडले

विरलनाचे पाणी तेच, क्षार तेच: लिटरला फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड आणि फेरिक क्लोराइड, प्रत्येकी १ मिलिलिटर. शुक्रवारी चार ब्लँक लावले होते: ताज्या पाण्याचा, कॅनमधल्या पाण्याचा, हवा सोडल्यानंतरचा आणि नळीतून काढलेला. सोमवारी काढले. पहिले तीन ०.१ ते ०.२. नळीतून काढलेला ०.८. सायफनची रबरी नळी आतून बुळबुळीत झाली होती, चिरून पाहिल्यावर दिसले. वरून पाहता स्वच्छ.

नवी सिलिकॉन नळी घेतली. दर फेरीनंतर पातळ ब्लीच सोडायचे, मग ऊर्ध्वपातित पाणी भरपूर, मग लोंबती टांगून वाळवायची. गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवायची नाही. ओली नळी ड्रॉवरमध्ये गेली की हेच पुन्हा होणार.

सोमवार, २९ सप्टेंबर. फेरी रद्द

गंगापूर धरणातून विसर्ग सुरू असल्याने नदीवर गेलो नाही. दुतोंड्या मारुतीजवळ पाणी किती चढले ते पाहून गोदाकाठचे लोक पूर ओळखतात, पण नमुन्याची फेरी त्या अंदाजावर काढू नये. विसर्गाचा क्युसेक्सचा आकडा आदल्या संध्याकाळी आणि निघताना, असा दोनदा विचारून घ्यायचा आणि वहीत लिहायचा. विसर्गातल्या पाण्याने सांडपाणी पातळ होते, आकडे चांगले येतात. विसर्ग लिहून ठेवला नाही तर पुढच्या वर्षीची तुकडी म्हणेल की सप्टेंबरअखेर नदी सुधारली.

सोमवार, ६ ऑक्टोबर. दुसरी फेरी

सगळे व्यवस्थित. गुरुवारी ब्लँक ०.१५. बीओडीसाठी वरच्या दोन ठिकाणी नमुना न विरलता, खालच्या ठिकाणी ३० आणि ७५ मिलिलिटर अशी दोन विरलने. ग्राह्य धरायची बाटली तीच, जिच्यात किमान २ मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च झाला आणि किमान १ मिलिग्रॅम उरला. ३० ची एक बाटली यात बसली नाही, ७५ ची बसली. वरच्या ठिकाणी विरलनच नसल्याने २ चा नियम लागू करता येत नाही, तिथे खर्च कमी असणे हेच अपेक्षित.

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या खालच्या भागातून घेतलेल्या पाण्यात क्लोरीन असू शकते. तपासून, असेल तर सोडियम सल्फाइटने घालवल्याशिवाय बीओडी लावायचा नाही. क्लोरीन जिवाणू मारते, मग ऑक्सिजन खर्च होत नाही आणि बीओडी खोटा कमी येतो. अशा पाण्यात काम करणारे जिवाणू बाहेरून, निवळलेल्या सांडपाण्यातून द्यावे लागतात.

मंगळवार, १४ ऑक्टोबर. दुपारचे पाणी

आनंदवलीच्या संथ पाण्यात पहाटे ६ पासून संध्याकाळी ६ पर्यंत दर दोन तासांनी मीटर आणि विंकलर. हेतू एकच: फेरी सकाळीच का, हे मुलांना दाखवणे. ऊन चढले की शेवाळ प्रकाशसंश्लेषण करते आणि पाण्यात ऑक्सिजन संपृक्ततेच्याही वर जाऊ शकतो. सोबत कार्बन डायऑक्साइड कमी होऊन पीएच चढतो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खाते, म्हणून सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. मासे मरतात ते बहुधा पहाटे, आणि पाहणीला माणसे येतात दुपारी. म्हणून डीओच्या आकड्यापुढे घड्याळाची वेळ नसेल तर तो रकाना रिकामाच धरायचा.

आलेख एकसारखा चढत गेला, ४ नंतर उतरला. ऑक्टोबरच्या उन्हात मीटरच्या पडद्यावर काही दिसत नाही, छत्री लागते. मीटरची काडी संथ पाण्यात हलवत राहावी लागते, कारण काडीच्या टोकावरच्या पातळ पडद्याजवळचा ऑक्सिजन ती स्वतःच वापरते. मॉडेल नव्या प्रकाशीय पद्धतीचे असेल तर ही अडचण नाही.

जलपर्णी आल्यास: गालिच्याच्या कडेला आणि खाली आकडे फार वेगळे येतात. पाने बाजूला सारून नमुना घेतला तर खालचा गाळ ढवळतो. मोकळ्या पात्रात, गालिच्यापासून लांब घ्यायचा, आणि जलपर्णी किती पसरली आहे त्याचा फोटो पुलावरून ठरलेल्या एकाच जागेवरून काढायचा.

सोमवार, ३ नोव्हेंबर. कोलिफॉर्म

कोलिफॉर्मचे वेळापत्रक बीओडीपेक्षा नाजूक आहे. नमुना बर्फात, १० अंशांखाली, ६ तासांत प्रयोगशाळेत. जेलच्या पिशव्या प्रवासात पुरत नाहीत, बर्फाचा चुरा घ्यावा, पण बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. वितळलेले पाणी बुचाच्या कडेने आत शिरते. डीओच्या बाटलीत बुडबुडा चालत नाही, कोलिफॉर्मच्या बाटलीत मात्र वर बोटभर जागा सोडायची, नाहीतर हलवता येत नाही. दोन बाटल्यांचे नियम उलटे आहेत आणि घाईत नेमके तेच चुकते, म्हणून बुचांना वेगळ्या रंगाच्या पट्ट्या: डीओ निळी, कोलिफॉर्म लाल. बाटलीत १० टक्के थायोसल्फेटचा ०.१ मिलिलिटर निर्जंतुक करण्याआधीच टाकलेला असावा, क्लोरीन मारण्यासाठी.

ऑटोक्लेव्ह सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचा. शुक्रवारी दुपारची वेळ आपली, १२१ अंश, १५ मिनिटे. वेळ चुकली तर सोमवारची फेरी जाते.

पंधरा नळ्यांची पद्धत: १०, १ आणि ०.१ मिलिलिटर नमुन्याच्या पाच-पाच. १० च्या नळ्यांत जिवाणू वाढवायचे माध्यम दुप्पट तीव्रतेचे. वायू आला की नळी पॉझिटिव्ह. पहिल्या फेरीत शहराखालच्या ठिकाणी पंधराही नळ्यांत वायू आला. म्हणजे आकडा फक्त १६०० पेक्षा जास्त, किती जास्त ते नाही. आता तिथे ०.१, ०.०१ आणि ०.००१ मिलिलिटर लावायचे आणि या पद्धतीच्या छापील तक्त्यातला आकडा शंभरने गुणायचा. सोमेश्वरला मूळ मापेच ठेवायची.

आतल्या छोट्या डरहॅम नळीत आधीपासून बुडबुडा अडकलेला असेल तर दुसऱ्या दिवशी तो जिवाणूंचा वायू वाटतो. नमुना टाकण्याआधी सगळ्या नळ्या उजेडासमोर धरून पाहाव्यात. आज पंचाहत्तरपैकी सहा बाजूला काढल्या. वाचन २४ आणि ४८ तासांनी. पॉझिटिव्ह नळ्यांतून निश्चितीच्या माध्यमात, आणखी ४८ तासांपर्यंत. म्हणजे सोमवारचा नमुना, शेवटचे वाचन शुक्रवारी. शुक्रवारी कोण येणार ते आत्ताच लिहावे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर. रामकुंडाच्या दिवसभराच्या पाहणीची तयारी

१९ तारीख, बुधवार. बुधवार निवडला कारण सोमवारच्या नियमित बाटल्या गुरुवारी निघतात आणि बुधवारच्या शनिवारी, इन्क्युबेटरच्या दोन फळ्यांत गोंधळ होत नाही. सकाळी ५ ते संध्याकाळी ७, आठ वेळा, प्रत्येक वेळी दोन ठिकाणी: कुंडात पाणी येते तिथे आणि बाहेर पडते तिथे. दोन डीओ बाटल्या जोडीने, म्हणजे ३२. विभागात २४ आहेत. आठ बाटल्या आणि २ ब्युरेट रसायनशास्त्र विभागाकडून, पत्र उद्या. दोन पाळ्या, प्रत्येकी चार जण, पैकी एक फक्त लिहिणारा. काठावर गर्दी असते, आम्लाची बाटली झाकणाच्या डब्यात आणि लोकांच्या वाटेपासून लांब. भाविकांनी काय चालले आहे हे विचारले तर नीट सांगायचे.

इन्क्युबेटरची वीज: गेल्या आठवड्यात रात्री दोन तास पुरवठा गेला होता. कमाल-किमान तापमापी आत ठेवली होती म्हणून कळले, २६ ते २८ मध्येच राहिले, चालले. बुधवार ते शनिवार हीच तापमापी आत असावी, वाचन रोज सकाळी १० ला, सही करून.